हजाराला चार कमी

सात मेलेल्या माणसांच्या सात धावा मी आठव्या मेलेल्या माणसाच्या नावावर टाकल्या, आणि हे मला तीन महिने कळलं नाही. आठही जण एकोणिसाव्या शतकातले होते, त्यामुळे त्यांच्यापैकी कोणी तक्रार केली नाही. तक्रार करू शकेल असा एकच माणूस हयात होता, आणि त्याने तर त्या आनंदात विंडसरमधल्या यच्चयावत मराठी घरांत पेढे वाटले. त्या माणसाच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहत होतो.

मराठी मंडळात सगळे त्यांना काकाच म्हणत. मूळचे मिरजेचे, एकोणिसशे एकोणसत्तर साली कॅनडात आलेले, आणि सगळी नोकरी एका फाउंड्रीत गाड्यांच्या इंजिनांचं लोखंड तपासण्यात गेलेली. मी दोन हजार पाच साली नागपूरहून गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करायला इथे आलो, तेव्हा ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. बेसमेंट बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला दारातच तीन प्रश्न विचारले.

"सिगारेट?"

"नाही."

"रात्री मोठ्याने गाणी?"

"नाही."

"बेसबॉल?"

"त्यातलं मला ओ की ठो कळत नाही, काका."

"उत्तम. म्हणजे अजून बिघडलेला नाहीस. ये आत, नागपूरकर."

तेव्हापासून माझं नाव नागपूरकर. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्या घरात फक्त काकूंना ठाऊक होतं, आणि त्याही मला "अरे" म्हणत.

जेवायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, जिथे इतरांकडे मुलांचे पदवीदानाचे फोटो असतात, तिथे काकांनी एक भलामोठा तक्ता लावला होता. एकोणिसाव्या शतकातल्या धंदेवाईक बेसबॉलमध्ये सर्वांत जास्त धावा कोणी केल्या, त्यांची उतरती यादी. स्वतःच्या हाताने, काळ्या शाईत, ओतकामाच्या रिपोर्टासारखी स्वच्छ. मध्ये एक लाल रेघ. रेघेच्या वरचे ते हजार धावांचे धनी. त्यांना काका 'हजारी मनसबदार' म्हणत. रेघेखालचे नुसतेच शिलेदार.

"फक्त धावाच का, काका?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. त्यांनी लगेच जुन्या वर्तमानपत्राची एक झेरॉक्स पुढे सरकवली. खेळाडूंची नावं, आणि पुढे फक्त दोन रकाने: ओ आणि आर.

"ओव्हर्स आणि रन्स," मी म्हणालो. आम्हाला काय, ओ दिसला की ओव्हर.

काकांनी माझ्याकडे बघितलं. तडा गेलेल्या इंजिनाकडे ते असंच बघत असणार.

"आउट आणि रन. किती वेळा मेला, आणि किती वेळा पाटावर आला. माणसाबद्दल आणखी काय माहिती लागते तुला?"

पाट म्हणजे होम प्लेट. बेसबॉलमध्ये चेंडू मारणारा तिथून निघतो, तीन बेस फिरतो आणि पुन्हा तिथेच येऊन पोचला की एक धाव. काकांना 'होम प्लेट' हा शब्द हॉटेलातल्या थाळीसारखा वाटे. जिथे आपण जेवायला बसतो तो पाट, म्हणून हाही पाट. हे ठरल्यावर जगाने आपापल्या सोयीने समजून घ्यावं, अशी त्यांची वृत्ती होती. खेळाडूंचंही तेच. त्यांची खरी नावं जिभेला वळत नाहीत म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी मराठीत केली होती: कल्लेवाला, पाद्री, थोरला मिशीवाला, धाकटा मिशीवाला, न्हावी, रडका. आणि काकूही काकांशी बोलताना हीच नावं वापरत.

ह्यातून मंडळात गमती होत. एकदा संक्रांतीच्या पॉटलकला पुण्याहून नवीन आलेल्या एका बाई पुलाव वाढून घेत होत्या. त्यांच्या मागे काका उभे. काका काकूंना म्हणाले, "कल्लेवाल्याचं अखेर कळलं. पाटाच्या दोन पावलं अलीकडे मेला." त्या बाईंच्या हातातला डावच थांबला. "अगबाई! जेवायला बसतानाच?" काका म्हणाले, "तिसऱ्यांदा." बाई पुलाव तसाच सोडून नवऱ्याला शोधायला गेल्या.

काकांचं इंग्रजीही त्याच काळातलं होतं. पहिल्या हिवाळ्यात ते लायब्ररीत जात, कारण तिथे हीटर चांगला होता. तिथल्या मायक्रोफिल्मच्या यंत्रावर कधीच कोणी नसे. इथली भाषा शिकायची म्हणून त्यांनी वर्तमानपत्रांची जुनी रिळं लावली, आणि चुकून ऐंशी-नव्वद वर्षं मागच्या रिळांवर जाऊन अडकले ते कायमचे. शेजारच्या गोऱ्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून दिला की काका त्याला शाबासकी द्यायचे, "कॅपिटल, सर! हँडसमली डन!" तो बिचारा टोपी काढायचा. त्याला वाटे, भारतात अजून असंच बोलतात.

आणि एवढं सगळं असून हा माणूस आयुष्यात एकदाही बेसबॉलचा सामना बघायला गेला नव्हता. नदीपलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉइट दिसतं, स्टेडियमचे दिवे दिसतात. ते खिडकीचा पडदा ओढून घेत. "एकोणिसशेच्या पुढे सगळी भेसळ." सामने बघायच्या त्या काकू. उन्हाळाभर टीव्हीसमोर बसून गवार मोडता मोडता त्या डेट्रॉइटच्या पिचरला मिरजेच्या शिव्या घालायच्या. काका त्या खोलीतून जाताना डोळ्यांवर हात धरून जायचे. व्हँकुव्हरची मुलगी दर रविवारी फोन करायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "हाय मॉम, इज डॅड स्टिल विथ द डेड गाइज?" काकू म्हणायच्या, "येस. अँड आय ॲम विथ द लूझर्स."

आता बुटक्याबद्दल सांगायला हवं.

लाल रेघेच्या बरोबर खाली, चिकटवलेल्या एका पट्टीवर, एक नाव होतं. त्याच्यापुढे आकडा नव्हता, नुसतं लिहिलं होतं: हजाराला चार कमी. हा बुटका. दुसऱ्या बेसवर खेळायचा, सहा गावं आणि सहा संघ फिरला, कुठेच फार दिवस कोणी ठेवला नाही. त्या पहिल्या हिवाळ्यात काकांनी जो पहिला वृत्तान्त अडखळत का होईना पण शेवटपर्यंत समजून वाचला, तो ह्याचा होता.

"याचा फोटो नाही," काका एकदा मला म्हणाले. "थडगं सापडत नाही. मागे कोणी असल्याचं दिसत नाही. त्याच्या फक्त धावा आहेत. आणि ह्या पुस्तकवाल्यांनी त्यातल्याही चार खाल्ल्या."

चार खाल्ल्यात हे त्यांना कसं माहीत? तर त्यांनी एकेक सामना तपासायला घेतला होता. चौदा वर्षं, दर शनिवारी. त्यात तीन धावा सापडल्या. डेट्रॉइटला अशाच रिकामटेकड्या म्हाताऱ्यांचं एक मंडळ होतं. ते दर महिन्याला एका लायब्ररीच्या खोलीत जमून जुन्या खेळाडूंची नोंदवही दुरुस्त करत. त्यांना काकांनी पत्रांवर पत्रं लिहून त्या तीन मान्य करून घेतल्या होत्या. एक उरली होती; पण हजार पुरे होईपर्यंत 'चार कमी'ची पट्टी बदलायची नाही, असं काकांनी ठरवलं होतं. आणि तपासायचे सामने उरले होते पाच, बुटक्याच्या शेवटच्या हंगामातले. त्या पाचांचा धावफलक कुठेच शिल्लक नव्हता. फक्त गावच्या एका सांजवर्तमानपत्रातलं पाल्हाळिक वर्णन होतं, तेही शाई फुटलेलं. त्या पाच सामन्यांत पुस्तकवाल्यांनी बुटक्याला भोपळा दिला होता.

आणि तेवढ्यात काकांचे डोळे गेले. गेले म्हणजे, मोतीबिंदू निघाला आणि त्याच्यामागे पडद्याचंही काहीतरी निघालं. डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने वाचन बंद, आणि त्या चकाकत्या यंत्राकडे तर बघायचंसुद्धा नाही. दोन हजार सातचा जानेवारी होता तो. काका काळा चष्मा लावून तक्त्यासमोर बसले. तक्ता त्यांना दिसत नव्हता, तरी बसले. तिसऱ्या दिवशी मी, कोणी विचारलेलं नसताना, म्हणालो, "काका, मी वाचतो की."

हा माझा स्वभाव आहे. पहिल्या बर्फात मी असाच पुढे होऊन अर्धा तास खपून एक गाडी बर्फातून खणून काढली होती. ती माझी नव्हती.

काकांनी मला बसवून धडे दिले. मोठा धडा एकच होता, आणि तो त्यांनी तर्जनी वर करून सांगितला: "नागपूरकर, एक लक्षात ठेव. मारणारा कोणी का असेना, धाव पाटावर येणाऱ्याची."

मी हे वाक्य ऐकलं आणि अंगावर काटाच आला. वाटलं, काय बोलला हा माणूस! कष्ट करणारा कोणी का असेना, फळ ज्याचं त्याच्या नशिबी. मी ते डायरीत लिहून घेतलं. त्या वर्षीच्या तिळगूळ समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी ह्याच वाक्यावर दहा मिनिटं बोललो. एक निवृत्त डॉक्टर डोळे पुसत मला भेटायला आले. म्हणाले, "कर्मयोग आहे हो हा सगळा!" मी मान लववली. तो खेळाचा नियम आहे, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

कारण क्रिकेटमध्ये धाव मारणाऱ्याची असते. त्यावर कधी कोणी विचार करत नाही, जसं पाणी ओलं का ह्यावर कोणी करत नाही. सचिनने फटका मारला, धावा सचिनच्या. समोरून जो पळाला तो पळाला, त्याचं काम पळणं.

झालं. जानेवारीपासून मार्चपर्यंत दर शनिवारी मी लायब्ररीत त्या यंत्राचं चाक फिरवत बसायचो. एकेका सामन्याचं वर्णन तीनतीन पानांवर पसरलेलं, मध्येच शेळ्यांच्या बाजाराचे भाव. 'बुटक्याच्या जोरदार फटक्यावर कल्लेवाला पाटावर आला' अशा अर्थाचं वाक्य दिसलं, की मी वहीत ते अख्खं वाक्य उतरवायचो आणि समोर बुटक्याच्या नावाने एक रेघ ओढायचो. संध्याकाळी काका दारातच उभे असायचे.

"किती?"

"आज दोन, काका!"

"दोन?" काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते दिसायचं नाही, पण कान हलायचे. "म्हातारपणी पाय चांगले चालत होते रे गड्याचे. मला वाटत होतं गुडघा गेला असेल."

मार्चअखेर पाच सामने संपले. माझ्या वहीत सात रेघा. एक हवी होती, मी सात आणल्या. बुटका हजारी झाला, वर सहा धावा उरल्या. काकांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की माझा खोकला संध्याकाळपर्यंत गेला नाही. काकूंनी पेढे केले. पेढ्यांबरोबर प्रत्येक घरी बातमी गेली: बुटका मनसबदार झाला. बऱ्याच घरांतून अभिनंदनाचे फोन आले, "जावई का?" म्हणून विचारणा झाली.

काकांनी माझ्याकडून डेट्रॉइटच्या मंडळाला पत्र लिहून घेतलं. त्यांचे प्रमुख एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांनी आजवर काकांची तीन पत्रं मान्य केली होती आणि नऊ परत पाठवली होती. ह्या वेळी उत्तर आलं: एप्रिलच्या बैठकीला स्वतः या, पुरावे मांडा. चौदा वर्षांच्या पत्रव्यवहारात पहिलं बोलावणं. काकांनी रिटायरमेंटच्या समारंभातला सूट कपाटातून काढला, काकूंनी तो दोनदा इस्त्री केला.

बैठक शनिवारी. आदल्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी. दुपारी काका झोपले होते. काकूंनी टीव्ही लावला, नवा हंगाम सुरू झाला होता. मीही बसलो, कारण मला क्रिकेट बघवत नव्हतं. त्या वर्षी आपला संघ वर्ल्डकपच्या पहिल्याच फेरीत गारद होऊन घरी आला होता.

डेट्रॉइटच्या एकाने फटका मारला. तिसऱ्या बेसवरचा एक जण धावत पाटावर आला. काकूंनी गवारीची शेंग हवेत उडवली.

"चांगला आहे हा फलंदाज," मी म्हणालो. "ह्याच्या किती धावा झाल्या?"

"ह्याच्या? एकही नाही."

"अहो, आत्ता मारली की त्याने."

"मारली त्याने. आला तो दुसरा. धाव त्या दुसऱ्याची." काकूंनी शेंगेचा दोर काढला. "मारणारा कोणी का असेना..."

पुढचं वाक्य मला पाठ होतं. त्यावर मी दहा मिनिटं भाषण केलं होतं.

मी धावत खाली गेलो, वही आणली, काकूंपुढे उघडली. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग वही मिटली.

"सातही?"

"बहुतेक सातही."

"अरे देवा." मग त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "मी नाही सांगणार. मी सांगितलं तर म्हणतील, हिला आजच्या खेळातलं कळतं, तेव्हाचं काय कळणार. तू सांग. आणि हे बघ, गाडी उभी असताना सांग. चालती असताना नको. दार उघडून उतरतील."

मी संध्याकाळी सांगणार होतो. काका बूट पॉलिश करत होते, चाचपत. नाही सांगितलं. सकाळी सांगणार होतो. काका टाय बांधून आरशासमोर उभे होते, दिसत नसताना. नाही सांगितलं. गाडी निघाली. पुलावर अमेरिकेच्या कस्टम्सची रांग होती आणि गाडी उभी राहिली. पुलावर यू-टर्न नसतो. मी स्टिअरिंगकडे बघत सगळं सांगून टाकलं.

तीन गाड्या पुढे सरकल्या, आम्हीही सरकलो. मग खिडकी आली. ऑफिसरने पासपोर्ट घेतले.

"पर्पज ऑफ व्हिजिट?"

काका त्यांच्या त्या सव्वाशे वर्षं जुन्या इंग्रजीत म्हणाले, की मी एका सद्गृहस्थाच्या धावा सादर करायला निघालो होतो, परंतु ह्या तरुणाने मला आत्ता, ह्या क्षणी, बाद केलं आहे.

ऑफिसर वाकला. माझ्याकडे नीट बघून काकांना म्हणाला, "सर, इज धिस मॅन बॉदरिंग यू?"

"एक्सीडिंगली," काका म्हणाले.

आम्हाला बाजूला घेतलं. गाडी उघडली, वही उघडली. काकांनी त्या ऑफिसरला उभ्या उभ्या सगळं समजावलं: बुटका, चार कमी, पाच सामने. त्याने शांतपणे ऐकलं. मग मला विचारलं, की धाव तू मारणाऱ्याला दिलीस? मी हो म्हणालो. "बट एव्हरीबडी नोज दॅट, बडी," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्याबद्दल सहानुभूती दिसली. पासपोर्ट परत केले.

गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "वहीत पूर्ण वाक्यं उतरवलीस की नुसते आकडे?"

"पूर्ण वाक्यं. सगळ्यांची. बुटका नसलेलीसुद्धा."

"का?"

"निम्मे शब्द कळत नव्हते, काका. नंतर डिक्शनरीत बघणार होतो."

"बघितलेस?"

"नाही."

"चल," ते म्हणाले. "गाडी चालव."

लायब्ररीच्या त्या खोलीत आठ म्हातारे होते, एक मोठं टेबल, आणि कॉफीचे कागदी कप. पोस्टमन उंच आणि कोरडा. त्याने काकांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. चौदा वर्षं ज्याची पत्रं परत पाठवली तो माणूस बघून घेत असावा. काका उभे राहिले. मला वाटलं काहीतरी सबब सांगतील, तारीख मागतील. ते म्हणाले, "जंटलमेन, मी सात धावा घेऊन येणार होतो. मी एकही आणलेली नाही. माझा मदतनीस क्रिकेटवाला आहे."

आठही म्हातारे असे हसले की शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंतीवर थाप मारली. मीही हसलो. हसलो नसतो तर रडलो असतो.

पोस्टमन हसून झाल्यावर म्हणाला, की वही तर आहे ना? मग वाचू द्या त्याला.

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. टेबलावर तीन पेपर नॅपकिन ठेवले, ते तीन बेस. चौथा घडी घातलेला, तो पाट. प्रत्येक खेळाडूचा एक कप, कपावर पेनाने नाव. बुटक्याचा कप सर्वांत लहान, एस्प्रेसोचा. आणि मी माझ्या नागपुरी उच्चारात सव्वाशे वर्षांपूर्वीचे पाच सामने वाक्य न् वाक्य वाचत गेलो. पोस्टमन कप सरकवायचा. काका डोळे मिटून ऐकायचे.

पहिल्या सामन्यात बुटक्याने मारलं, कल्लेवाल्याचा कप पाटावर. "नॉट हिज," काका स्वतःच म्हणाले. दुसऱ्यात तसंच दोनदा. "नॉट हिज. नॉट हिज." असं सात वेळा. प्रत्येक वेळी आवाज तसाच, रिपोर्ट वाचल्यासारखा, पण हाताने टायची गाठ सैल करत होते. सातवी गेली तेव्हा एक म्हातारा हळूच म्हणाला, की लंच घेऊ या का. काका म्हणाले, नको, पाचव्या सामन्याचं शेवटचं पान राहिलं असेल.

राहिलंच होतं. मी वाचलं: कोणाच्या तरी भलत्याच फेकीमुळे बुटका पहिल्या बेसवर पोचला, पुढे तिसऱ्यावर गेला. मग पाद्र्याने डावीकडे लांब फटका मारला आणि एक धाव आली. ह्या वाक्यापुढे माझ्या हस्ताक्षरात पाद्र्याच्या नावाने एक रेघ होती. पाद्री आमचा नव्हता म्हणून ती मी मोजलीच नव्हती.

पोस्टमनने तो लहान कप तिसऱ्या नॅपकिनवरून उचलला आणि घडी घातलेल्या नॅपकिनवर ठेवला.

काकांना दिसत नव्हतं. ते मराठीतच म्हणाले, "पाटावर कोण आहे?"

"बुटका," मी म्हणालो.

"काय म्हणतायत ते?" कोणीतरी विचारलं. मी त्या लहान कपाकडे बोट दाखवलं.

काका उठले, टाय नीट केला आणि अदबीने विचारलं, की वॉशरूम कुठल्या बाजूला आहे. दहा मिनिटांनी आले. चष्मा पुसलेला होता. टेबलाशी उभं राहून ते एकच शब्द बोलले, "कॅपिटल." मग त्यांनी चार सँडविचेस खाल्ली.

पोस्टमन शेवटपर्यंत पोस्टमनच राहिला. म्हणाला, दुसऱ्या एका पेपरात पडताळल्याशिवाय नोंद नाही. तो पेपर त्यानेच शोधला, ओहायोतल्या कुठल्याशा गावचा, आणि जूनमध्ये पत्र आलं: मान्य. बरोबर एक हजार. ह्या वेळी पेढे झाले नाहीत, काकूंनी साफ नकार दिला. काकांनी मला स्टुलावर चढवून तक्त्यावरची ती पट्टी काढायला लावली आणि लाल रेघेच्या वर चिकटवून घेतली. तिरकी लागली. ती त्यांनी तशीच राहू दिली.

त्या दुपारी चहा घेताना मी जरा फुशारलो होतो. म्हणालो, "काही म्हणा काका, पण मी चुकलो नसतो, तर सगळे असे कप घेऊन बसले असते का? एका अर्थी ती धाव माझ्यामुळेच सापडली."

काका विचारात पडले. त्यांना ते थोडंसं पटलंही असावं.

काकूंनी बशीतला चहा संपवला. "तुझ्यामुळे सापडली नाही रे," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळे तीन महिने हरवली होती."